शिट्टीनंतरची मावशी

आमच्या घरमालकीण मावशीनं फुटबॉलची एकही मॅच फोनवर बघितली नव्हती, आणि आमच्या लीगमध्ये सलग दोन वर्षं तीच पहिली येत होती. हे लिहिताना अजूनही माझा हात जरा अडखळतो, कारण त्या दोन्ही वर्षी दुसरा मी होतो.

मी तेव्हा चिमूरला पोस्टात होतो. साताऱ्याकडून बदली होऊन आलेला, सडाफटिंग, आणि फुटबॉलमधलं आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत असलेला. ढिवर मोहल्ल्याच्या टोकाला मावशीचं घर होतं. समोर लांबलचक ओसरी, ओसरीला लागून तीन खोल्या. पहिलीत दवाखान्यातल्या सिस्टर, दुसरीत जंगलखात्यातले गार्डभाऊ, तिसरीत मी. मागच्या अंगाला मावशी स्वतः, तिची जाळी आणि तिचं मांजर. ती पहाटे तलावावर जायची, डोंग्यातून उतरलेली मासोळी टोपलीत घ्यायची, दुपारपर्यंत बाजारात बसून विकायची आणि मग ओसरीवर पाय पसरून जाळी दुरुस्त करायची. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल न लागेल एवढीच, पण तिनं ओसरीवरून मांजराला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली दोन-तीन मांजरं यायची.

आता या सगळ्यात फुटबॉल कुठून आला, तर तो प्रमोदमुळे. प्रमोद हा मावशीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, तेव्हापासून मावशीनंच त्याला वाढवला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अनवाणी फुटबॉल खेळता खेळता तो क्रीडा वसतिगृहात गेला, तिथून कुठल्या तरी अकादमीत, आणि शेवटी दूर पूर्वेकडच्या एका शहराच्या व्यावसायिक संघात बचावपटू झाला. पिवळी जर्सी, पाठीवर दोन आकडी नंबर. आमच्या मोहल्ल्यात त्या नंबरचे टी-शर्ट घालून फिरणारे निदान वीस जण असतील, त्यातले दोन सत्तरीच्या पुढचे.

मावशीला आपली ख्यालीखुशाली कळावी म्हणून प्रमोदनं तिच्या फोनमध्ये तो फँटसीचा खेळ टाकून दिला. खेळ साधा असतो. लीगमधल्या सगळ्या संघांतले मिळून आपण आपले अकरा निवडायचे. ते खऱ्या मैदानात जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला दोन बदल करता येतात, आणि कुणी कुणाला काढलं, कुणाला घेतलं हे गटातल्या सगळ्यांना दिसतं. "पैशाचा खेळ असन तं मी फोन तलावात फेकीन," असं मावशीनं आधीच बजावलं होतं. पैशाचा नव्हताच. आमच्या गटात आम्ही चौघं भाडेकरू-मालकीण खेळायचो. प्रमोद पाचवा, पण खेळाडू असल्यामुळे त्याला खेळायची मुभा नव्हती. तो नुसता तक्ता बघायचा आणि अधूनमधून हसणारे चेहरे पाठवायचा.

मावशीची रीत अशी, की मॅच झाली की दुसऱ्या दिवशी ती फोन उघडायची आणि बोटानं सगळी मॅच सरकवत सरकवत थेट शेवटच्या शिट्टीपर्यंत न्यायची. तिथून पुढे मात्र डोळ्यात तेल घालून बघायची. हस्तांदोलन, पाणी पिणं, जर्सी काढणं, बाकावर जाऊन बसणं, मुलाखत देणं. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे जाळ्याचा दोरा बांधलेला. फोन हातभर लांब धरून ती असं काही निरखायची, की मी आणि सिस्टर चहा घेऊन तिच्या मागे उभे राहायचो आणि तिला काय दिसतं ते आम्हाला दिसतं का हे पाहायचो. आम्हाला दिसायचे ते बावीस घामेजलेले लोक.

"मावशी, अहो मॅच तरी बघा आधी," मी सुरुवातीला म्हणायचो.

"कायले जी? मॅचमंदी तं सारेच धावतेत. धावनं संपल्यावर मानूस कसा उभा राह्यते ते पाहा न भाऊ. टोपलीत पडल्यावरच समजते मासोळीत किती दम हाय."

मॅच न बघण्याचं खरं कारण मला गार्डभाऊंनी सांगितलं. प्रमोद शाळेत असताना जिल्ह्याच्या सामन्याला मावशी एकदा गेली होती, बाजारातून परस्पर, टोपलीसकट. दुसऱ्या संघातल्या एका दांडगटानं प्रमोदला आडवा केला. पुढच्याच क्षणी मावशी मैदानात. रेफ्री शिट्टी फुंकतोय, मावशीच्या हातात चप्पल, आणि तो दांडगट गोलपोस्टभोवती पळतोय. शेवटी रेफ्रीनं पिवळं कार्ड काढलं ते कुणाला दाखवायचं हे त्यालाच कळेना. प्रमोद तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. तेव्हापासून मावशीनं ठरवलं, की खेळ चालू असताना आपण बघायचंच नाही, आपल्या हातून काहीतरी होतं.

रविवारी सकाळी ओसरीवर तिचा दरबार भरायचा. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ती एकेका खेळाडूचं पुढच्या आठवड्याचं भविष्य सांगायची. परदेशी नावं तिच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तिनं सगळ्यांना आपली नावं दिली होती. डोक्यावर तुरा ठेवणारा तो कोंबडा. एक उंच गोरा आघाडीवीर होता, भरपूर कौतुकात आणलेला आणि सगळ्या मोसमात दोन गोल केलेला, तो जावई. मैदानभर हात दाखवून दुसऱ्यांना पळायला लावणारा एक कप्तान होता, तो सरपंच. पहिल्या दोन महिन्यांनंतर मीसुद्धा त्यांची खरी नावं विसरलो. पोस्टात एकदा साहेबांशी बोलताना "काल जावयानं पेनल्टी घालवली" म्हणालो, तर ते बिचारे माझ्या घरची चौकशी करू लागले.

निकाल तीन प्रकारचे असत. "ठेवा" म्हणजे ठेवा. "आजची आज खपवा" म्हणजे हा अजून एक मॅच चालेल, मग वास मारेल. आणि "सुकवा". सुकवा म्हणजे मात्र फेका नव्हे. "सुकी मासोळी पावसायात कामी येते. नंतर घेऊ त्याले," असं त्यात असायचं.

मी हे सगळं शास्त्रशुद्ध पद्धतीनं करायचो. लॅपटॉपवर तक्ते होते, त्यात कुणी किती पास दिले, किती मिनिटं खेळला, घरच्या मैदानावर कसा, बाहेर कसा. एका शनिवारी लंबूनं, म्हणजे एका परदेशी आघाडीवीरानं, तीन गोल ठोकले. मी तक्ता उघडायच्या आधीच त्याला कॅप्टन केला. सिस्टरनी केला, गार्डभाऊंनी केला. मावशीनं त्याला काढून टाकला.

"मावशी, तीन गोल केलेत त्यानं!"

"ते काल केले. पाह्यलं नाई काय तुमी, शिट्टी झाली अन् यानं खाली बसून पह्यले बूट सोडले. कोच बोलून राह्यला, सारे उभे हायेत, अन् हा नाडी सोडून राह्यला. याले घरी जाची घाई हाय."

मी मोठ्यानं हसलो. मंगळवारी बातमी आली की लंबू मोसमाच्या मध्यातच दुसऱ्या देशातल्या संघाकडे गेला. माझा कॅप्टन विमानात होता. सिस्टरनी मला सांत्वनासाठी त्यांच्या डब्यातली बालूशाही दिली आणि मावशीनं ती अर्धी काढून घेतली.

अर्थात ती चुकायचीही. एका गोलरक्षकाला तिनं असंच घालवलं. मॅच जिंकून तो ढसाढसा रडत होता, म्हणून मावशी म्हणाली, याच्या घरी काहीतरी बिघडलं, आता याचं चित्त राहणार नाही. नंतर कळलं की त्याला मुलगी झाली होती. पुढच्या मॅचला त्या पठ्ठ्यानं दोन पेनल्ट्या अडवल्या. तो माझ्या संघात होता. मी ओसरीवर अक्षरशः नाचलो. मावशी शांतपणे जाळ्याची गाठ मारत म्हणाली, "रडन्यातलं मले समजत नाई जी. मासोळी रडत नाई."

ही नजर ती फक्त खेळाडूंवर चालवत नसे. संध्याकाळी पोस्टातून परत आलो आणि मी सायकल कशी भिंतीला टेकवतो त्यावरून ती सिस्टरना ओरडून सांगायची, "पोस्टभाऊले आज बेंचवर बसवा वो!" आणि त्या दिवशी मला स्वयंपाक करावा लागत नसे. मागच्या दारानं झिंग्यांचं कालवण यायचं. मला या माणुसकीचा राग यायचा, कारण माझ्या बाबतीत मावशी कधीच चुकायची नाही. साहेबांनी झापलेल्या दिवशी तर मी मुद्दाम शीळ घालत यायचो. "आज तं दोन वाट्या द्या," असं आतून ऐकू यायचं.

प्रमोद मात्र या सगळ्यात वेगळा. त्याच्याबद्दल ती काही सांगत नसे. तो तिच्या अकरांत पहिल्या दिवसापासून होता आणि त्याचा निकाल कधी लागत नसे. मॅचनंतरच्या चित्रफितीत तो आला की ती फक्त म्हणायची, "वाळला." नाहीतर, "केस कापाले पाह्यजे."

त्या वर्षी प्रमोदचा करार मोसमाअखेर संपत होता. संघाचं त्याच्याशी पुढच्या तीन वर्षांसाठी बोलणं चाललं होतं. शेवटच्या तीन मॅच उरल्या होत्या, आणि त्यातल्या पहिल्या मॅचमध्ये आमच्या या बचावपटूनं कॉर्नरवर उडी मारून डोक्यानं गोल केला. संघ एक-शून्यनं जिंकला. प्रमोद सामन्याचा मानकरी. चिमूरमध्ये फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमली होती. कुणी पेढे आणले होते, कुणी हार आणला होता, तो कुणाच्या गळ्यात घालायचा हे न सुचून त्यांनी तो मावशीच्या टोपलीला घातला. आम्ही तिघांनी प्रमोदला कॅप्टन करून टाकलं होतं.

मावशी बाजारात गेलेली नव्हती. फोन हातात घेऊन खांबाला टेकून बसली होती. शिट्टीपासून पुढे ती चित्रफीत तिनं एकदा पाहिली, मग परत, मग परत.

"गार्डभाऊ, तुमी पाहा," ती म्हणाली. "तुमाले पाय समजतेत."

गार्डभाऊंचं अर्धं आयुष्य जंगलात वाघाचे पंजे मोजण्यात गेलेलं. त्यांनी फोन घेतला. प्रमोद प्रेक्षकांना हात करत चालत होता. "सरळ तं चालून राह्यला न मावशी," ते म्हणाले.

"चालन्याचं नाई. फोटोचं पाहा."

घरच्या मैदानावर जिंकलं की हा संघ प्रेक्षकांसमोर फोटो काढायचा. मागची रांग उभी, पुढची गुडघा टेकून. प्रमोद बुटका. दोन वर्षं तो पुढच्या रांगेत, डाव्या टोकाला, गुडघा टेकून बसलेला असायचा. त्या दिवशी तो मागच्या रांगेत उभा होता. दोन उंच गोलरक्षकांच्या मधून त्याचं फक्त कपाळ दिसत होतं.

"आज त्याची मॅच होती. मधात बसाचं, हार घालाचा, तं हा मांगं जाऊन लपला," मावशी म्हणाली. "गुडगा टेकवला नाई त्यानं."

तिनं तिथेच, सगळ्यांच्या समोर, फोनवर बोट ठेवलं आणि प्रमोदला आपल्या संघातून काढून टाकलं.

तिनं आपल्याच पोराच्या पोटावर पाय दिला असावा, तसे सगळे तिच्याकडे बघू लागले. मीही भडकलो. "मावशी, आज?" मी म्हणालो. "अहो, हा खेळ आहे. पण त्याला हे दिसणार आहे. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी घरच्या माणसानं त्याला काढलं, हे त्याला दिसणार."

"दिसाले पाह्यजे म्हनूनच काढला," ती म्हणाली.

पेढे आणणारा पेढ्यांचा डबा घेऊन गेला. मोहल्ल्यातल्या एका बाईनं जाता जाता ऐकवलं, की सख्ख्या आईनं असं केलं नसतं. मावशीनं ते ऐकलं. तिनं टोपलीवरचा हार काढून खुंटीला अडकवला आणि जाळं घेऊन बसली.

अर्ध्या तासात फोन वाजला. फोन कानाला लावला की तिला ऐकू येत नसे, म्हणून ती नेहमी आवाज मोठा करून तो मांडीवर ठेवायची. सगळी ओसरी ऐकत होती.

"मावशी, तू मले काहाडलं?" प्रमोद हसत होता, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"हो."

"गोल केला न मी! मानकरी झालो!"

"गुडग्याले काय झालं?"

प्रमोदचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "काई नाई झालं. तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. काई झालं नसन तं एक फोटो पाठव. गुडगा टेकून बसलेला. उजवा."

"हे काय पोट्ट्यासारखं करून राह्यली तू? दोन मॅच राह्यल्या, मावशी. दोन. मंग सही होते. मंग दाखवतो न डॉक्टरले."

"म्हंजे हाय काईतरी."

"करार माहा हाय, मावशी!" प्रमोद ओरडला.

"हो बाप्पा, करार तुहा हाय," मावशीचा आवाज चढला नाही. "पन तो पाय मी वाढवला. फोटो पाठव."

त्यानं फोन ठेवला.

मला वाटलं, येईल फोटो. तरण्या माणसाला एक गुडघा टेकवून फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? दहा वाजले, बारा वाजले. मावशी टोपली घेऊन उशिरानं बाजारात गेली. मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम तिकडून गेलो. गिऱ्हाईक भाव विचारत होतं आणि मावशी फोनकडे बघत होती. महागाची मरळ मासोळी तिनं रोहूच्या भावात देऊन टाकली, ते मी डोळ्यांनी बघितलं. फोटो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. फोटोविना दिवस जसजसे गेले तसतशी मावशी गप्प होत गेली, आणि आमच्याही लक्षात येत गेलं, की तो आलाच नाही म्हणजे काय.

त्या आठवड्यात ओसरीवर कुणी कुणाची थट्टा केली नाही. मी माझी सायकल चांगली आदळून लावली तरी आतून हाक आली नाही. सिस्टर एकदा हळूच म्हणाल्या, "गुडघ्यातली दोरी अर्धी तुटलेली असली तरी माणूस चालतो, धावतो. वळताना पूर्ण गेली की मात्र संपलं." त्या हे मावशीला सांगणार होत्या, पण सांगू शकल्या नाहीत. मी मात्र प्रमोदला कॅप्टन ठेवलाच होता. म्हटलं, कुणीतरी त्याच्या बाजूनं असायला हवं. आता वाटतं, मी त्याच्या बाजूनं नव्हतोच. मी त्याच्या गुणांच्या बाजूनं होतो.

शनिवारी संध्याकाळी मॅच. मॅचच्या तासभर आधी कोण खेळणार ती यादी लागते आणि जो नसेल त्याचं नाव आमच्या फोनवर करडं होतं. आम्ही चौघं ओसरीवर बसलो होतो. मावशी जाळं विणत नव्हती, नुसती धरून बसली होती. यादी लागली. माझ्या कॅप्टनचं नाव करडं झालं होतं.

"नाही खेळत," मी म्हणालो.

"नाव नीट पाहा," मावशी म्हणाली. "दुसरा कोनी असन."

"तोच आहे, मावशी. प्रमोदच. दुखापत लिहिलंय."

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. अशी रडली की मांजर उठून गेलं. तिला एवढं रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मी तिच्या हातातलं जाळं काढून घेतलं आणि त्याचा आणखी गुंता केला.

प्रमोदनं आदल्या दिवशी स्वतः जाऊन संघाच्या डॉक्टरला सांगितलं होतं. दोरी अर्धी तुटलेली होती. अशीच एखादी मॅच निभावली असती, कदाचित दोन, आणि मग एका वळणाला सगळंच गेलं असतं, असं डॉक्टर त्याला म्हणाला. शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांच्या कराराचं बोलणं लगेच थांबलं. महिनाभर संघाकडून कुणी काही बोलेना, तेव्हा मोहल्ल्यात मावशीला दोष देणारे पुष्कळ निघाले. शेवटी एका वर्षाचा करार झाला, तोही बरा झालास तर खेळ अशा बोलीवर. तोवर घरी जाऊन विश्रांती घे म्हणाले.

प्रमोद चिमूरला आला तो कुबड्या घेऊन. पहिले दोन दिवस तो मावशीशी मोजकंच बोलला. तीही त्याच्याशी बोलली नाही, नुसती वाढत राहिली. मरळीचं कालवण, झिंग्यांची चटणी, परत मरळीचं कालवण. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, मले मासोळीवाला करून राह्यली का तू?" आणि दोघंही हसायला लागली. मग सिस्टरनी त्याचा ताबा घेतला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाब, सोड, दाब, सोड. ओसरीवर रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं मोजणं चालायचं. पावसाळा तसा गेला. कुबड्या सुटल्या, पण पळायला अजून दिवाळीनंतरचा मुहूर्त होता.

नवा मोसम सुरू झाला तेव्हा तो घरीच होता. संघाच्या यादीत त्याचं नाव होतं, नावापुढे तांबडी खूण. प्रमोद फुटबॉलचं नाव काढत नसे. त्याचे साथीदार मैदानात उतरायचे तेव्हा हा तलावावर जाऊन बसायचा.

मावशीनं नवे अकरा निवडले. मी सवयीनं तिच्या संघावर नजर टाकली आणि चमकलो. तिनं प्रमोदला घेतलं होतं. नुसतं घेतलं नव्हतं, कॅप्टन केलं होतं.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. "मावशी, तुमची चूक झालीय. तांबडी खूण म्हणजे तो खेळणार नाही. शून्य गुण मिळतील. कॅप्टन केला तर दुप्पट, पण शून्याचं दुप्पट शून्यच."

"मले येते तेवढं गणित, पोस्टभाऊ."

"मग?"

"गोल करत होता तवा साऱ्यायनं घेतला त्याले. आता कोन घेईन?" ती म्हणाली आणि टोपली उचलून बाजाराला गेली.

मी मात्र प्रमोदला माझ्या संघात घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, मला एकदा तरी तिला हरवायचं होतं. दर आठवड्याला तिचा एक गडी कमी आणि कॅप्टनचं दुप्पट शून्य. तिची ती नजर शाबूत होती, कोंबड्याला तिनं वेळेवर सुकवला, सरपंचाला खपवला, पण या ओझ्यापुढे काही चालेना. दिवाळी आली तेव्हा मी पहिला होतो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मावशी शेवटची.

हे कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं. प्रमोद ओसरीवर गुडघ्याखाली टॉवेल घेऊन बसला होता. दोन दिवसांनी तो परत संघाकडे जाणार होता. पाय दुखावल्यापासून त्यानं तो खेळ एकदाही उघडलेला नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी माझा फोन त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, "बघ, पहिला कोण आहे ते."

त्यानं फोन हातात घेतला, पण वर कुठे बघितलंच नाही. मावशीचं नाव शेवटी दिसलं तसं त्यानं नवलानं त्यावर बोट ठेवलं आणि तिचा संघ उघडला. मग पहिल्या आठवड्याचा, दुसऱ्या, तिसऱ्या. बराच वेळ तो एकेक आठवडा उघडून बघत बसला. मी फोन परत मागितला नाही.